तीन कोऱ्या तक्रारी

१

बुधवारी सकाळी सव्वाअकराला लॅबवाल्या बाईंनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं व्हायची वाट पाहिली. पाणी पिवळं झालं नाही. त्यांनी नळी हलवली, उजेडाकडे धरली, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचली, मग नवी बाटली फोडून पुन्हा तेच केलं. पाणी होतं तसंच. म्हणजे त्यात क्लोरीनचा पत्ता नव्हता, आणि हेच पाणी दुपारी दोनला अर्ध्या शहराच्या नळांना जाणार होतं.

बाईंची रोजची तपासणी बाराची. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती, दाताच्या डॉक्टरांकडे लवकर निघायचं होतं, म्हणून त्यांनी ती आधीच उरकायला घेतली. त्या पळत पंपघरात गेल्या. तिथल्या पडद्यावर क्लोरीनचा डोस शून्य दिसत होता, अकरा वाजून दहा मिनिटांपासून. पंपघरात कुणीच त्याला हात लावला नव्हता. बाईंनी आधी स्वतःच्या हाताने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, डोस पूर्ववत करून घेतला, आणि मग आरडाओरडा केला. अशी माणसं मला आवडतात.

पाणी वाचलं. आता चोर शोधायचा होता. गुरुवारी जलशुद्धीकरण केंद्राचे सुरक्षा सल्लागार आले. दर गुरुवारीच येतात ते. त्यांनी फायरवॉलचा लॉग चाळला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि दोन तासांत निकाल दिला, की बाहेरून कुणीही आत आलेलं नाही. डोस आतल्याच माणसाने शून्य केला. नेटवर्क सांभाळणारं आत एकच माणूस होतं.

ते माणूस म्हणजे माझी भाची.

२

शुक्रवारी बहिणीचा फोन आला तशी मी तडक तिच्या घरी गेले. मी कोण ते आधी सांगते. चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनींचे फॉल्ट शोधले. निरोपाच्या भाषणात आमचे साहेब म्हणाले, यांचा स्वभाव जरा तापट आहे. त्या ‘जरा’चं मला आजही हसू येतं.

स्वयंपाकघरात टेबलावर दोन कागद पडले होते. एक सल्लागाराने ईमेलने पाठवलेला अहवाल. दुसरा टाइप करून दिलेला राजीनामा, खाली सहीची जागा मोकळी. सोमवारी दहा वाजेपर्यंत सही करायची, नाहीतर प्रकरण पोलिसांत.

“करून टाक ना सही,” बहीण म्हणत होती. “दुसरीकडे मिळेल नोकरी. पोलीस घराशी आले तर चार लोकांत काय तोंड दाखवायचं?”

“मी केलं नाही तर सही कशाला करू?” बारकी म्हणाली. घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून बारकी. आता एकतीस वर्षांची आहे. “आणि आई, नोकरी मिळेल म्हणतेस, ती कुठे? पाण्यातलं औषध बंद करणाऱ्या बाईला कोण ठेवून घेईल?”

बहीण पदराने डोळे पुसायला लागली. मी तिला चहा टाकायला लावला. हात कामात असले की माणूस जरा सावरतं. मग मी अहवाल घेऊन बसले.

अहवाल चार पानी होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘रविवारी बसवण्यात आलेल्या नव्या सर्व्हरवर बुधवारी ११.१० वाजता डोस बदलण्याची आज्ञा नोंदली गेली. फायरवॉलच्या लॉगमध्ये या आज्ञेची नोंद नाही.’ तिसऱ्या पानावर खरी मेख होती. सहा महिन्यांपूर्वी बारकीने एक पत्र दिलं होतं, की आपल्या फायरवॉलला तुकड्यातुकड्यांनी आलेल्या पॅकेटांनी फसवता येतं. खाली सल्लागाराचा शेरा: ‘सदर कर्मचारी या मार्गाची पूर्ण माहितगार होती.’

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे जिने भोक दाखवलं तिनेच भोक पाडलं?”

“तसंच म्हणतायत.”

“हे तुकड्यांचं काय आहे ते मला नीट सांग.”

“पॅकेट म्हणजे माहितीचं पाकीट, ते मोठं असलं की त्याचे तुकडे करून पाठवतात,” बारकी म्हणाली. “आत कुठल्या दरवाजाने जायचं, ते पहिल्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. आमची फायरवॉल पहिला तुकडा वाचते, आणि मागचे त्याच्याबरोबरचे आहेत म्हणून सोडून देते. लॉगमध्येही पहिल्याचीच नोंद.”

“वॉचमनने पुढच्याचा पास बघायचा आणि मागच्यांना या या म्हणायचं.”

“हो. आता पहिल्या तुकड्यावर लिहायचं, तक्रारीच्या पानाकडे जातोय. तो दरवाजा लोकांसाठी उघडाच असतो. आणि मागून असा तुकडा सोडायचा, की तो पहिल्यावर बरोब्बर चढेल आणि पत्ताच बदलेल. आत गेल्यावर सर्व्हर तुकडे जोडतो, तेव्हा पत्ता निघतो क्लोरीनच्या दरवाजाचा.”

“तक्रारी आणि क्लोरीन एकाच मशीनवर?”

“एका मशीनची बचत केली ना.”

“आणि फायरवॉल सगळे तुकडे का तपासत नाही?”

“तपासायची. पण गळक्या नळाचे फोटो लोक तक्रारीबरोबर पाठवतात, ते अडकायचे. केंद्रातले मोठे साहेब म्हणाले, पहिला बघा, बाकीचे जाऊ द्या. मी पत्र दिलं. त्यांनी ते मत द्यायला सल्लागाराकडे पाठवलं, आणि तिथेच ते बसलं.”

राउटरचंही तेच. एकावर एक चढणारे तुकडे तो मोजतो, पण अडवत नाही. हे आकडे बारकी रोज संध्याकाळी नेटवर्कच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावरच्या कागदावर हाताने लिहायची. ती सवय माझी. मशीन बंद करून चालू केलं की त्याचे आकडे शून्य होतात, कागदाचे होत नाहीत, हे मी तिला ती कॉलेजात असताना शिकवलं होतं.

“एरवी तिथे कायम शून्य असतं,” ती म्हणाली. “बुधवारी एक वाढला. सल्लागाराने राउटर बंद-चालू केला, सगळे आकडे गेले. पण मावशी, त्याआधी सोमवारी तीन आले होते. मी मोठ्या साहेबांना सांगितलं, ते म्हणाले फोटो असतील.”

“सोमवारी तर डोसला काही झालं नव्हतं.”

“नाही ना. तेच कळत नाही. तीन वेळा कुणीतरी आलं, आणि काहीच झालं नाही.”

३

शनिवारी मी केंद्रात गेले. बारकीला फाटकातून आत सोडत नव्हते. मला लॅबवाल्या बाईंनी आपली पाहुणी म्हणून नेलं.

मोठे साहेब म्हणजे केंद्राचे मुख्य अभियंता. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीवर आधी हात झटकतो आणि मग विचार करतो. “बाई, मला दुःख होतंय,” ते म्हणाले. “पण तज्ज्ञाने लेखी दिलंय.”

“आणि माझ्या भाचीने सहा महिन्यांपूर्वी लेखी दिलं होतं, त्याचं काय झालं?”

त्यांनी पेपरवेट फिरवला. ते पत्र आपल्याला नीट समजलं नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं. सल्लागार मात्र तेव्हाच म्हणाले होते, की केंद्राची स्वतःची माणसं ठेवण्यापेक्षा सगळं काम आमच्या कंपनीला द्या. या प्रकारानंतर ते तसंच होणार होतं. मी ऐकून घेतलं आणि लॅबकडे निघाले.

लॅबमध्ये बाईंनी मला स्टूल दिलं. दाढ काढली होती, गाल अजून सुजलेला. मी नव्या सर्व्हरचं विचारलं, तर त्या हसल्या आणि लगेच गालाला हात लावला.

“त्याच्यावरून किती वाद घातला मी. आदल्या रविवारी बसवणार होते. चार जणांना कागद गेला होता. मोठे साहेब, मशीनवाला, तुमची भाची आणि तो सल्लागार. आणि रविवारी माझे फिल्टर धुवायचे. मी म्हटलं, आज माझं मशीन बंद करायचं नाही. तेव्हा तुमच्या भाचीने साहेबांना फोन केला, मशीनवाल्याला परत पाठवला. मंगळवारी दुपारी येऊन त्याने बसवलं.”

“नवा कागद निघाला?”

“तोंडी काम. कागदावर रविवारच राहिला असेल.”

नेटवर्कच्या खोलीत जायला मला मनाई होती. बाई म्हणाल्या, मी थर्मामीटर बघायला रोज जाते, आज तुम्ही बरोबर या. खोली लहान, गार, पंख्यांच्या घरघरीने भरलेली. कपाट भिंतीला लागून होतं. मी दाराकडे गेले.

दारावर चिकटपट्टीचे चार कोपरे होते. मधला कागद कुणीतरी फाडून नेला होता.

४

मी बाहेरच्या बाकावर बसले. एवढ्या वर्षांत फॉल्ट सापडला नाही म्हणून मी कधी रडले नव्हते, आणि त्या दिवशीही रडले नाही, पण शिव्या बऱ्याच घातल्या. शेजारच्या खिडकीतून एका गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं. हे तक्रारवाले भाऊ. शहरातून येणारी प्रत्येक तक्रार त्यांच्या रजिस्टरात चढते.

“ताई, तक्रार आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे. सोमवारी तीन वेळा चोर आला आणि त्याचा पुरावा कुणीतरी फाडून नेला. घ्या लिहून.”

ते खरंच लिहायला लागले. मग थांबले. “सोमवारी तीन म्हणालात? माझ्याकडेही सोमवारच्या तीन आहेत. कोऱ्या.”

“कोऱ्या म्हणजे?”

“मजकूरच नाही. नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही. पण आली ती तक्रार, तिला क्रमांक द्यायचा आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं, असा नियम आहे.” त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सोमवार, ११.०२, ११.०९, ११.१६. तीन ओळी, तीन क्रमांक. मजकुराच्या रकान्यात तिन्हीकडे सुवाच्य अक्षरात ‘काही नाही’. त्यापुढच्या रकान्यात, तक्रार कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली त्याचा लांबलचक नंबर. तिन्हींचा एकच.

“हा नंबर कुणाचा?”

“ते मी कसं सांगणार? मला उत्तर द्यायचंय, म्हणून लिहून ठेवलाय. पाच दिवस विचार करतोय, कोऱ्या तक्रारीला काय उत्तर द्यावं.”

अख्खं ऑफिस या माणसाची टिंगल करतं, हे मला नंतर कळलं. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी दुपारी मी त्या तीन ओळी बारकीपुढे ठेवल्या. मग तिने दोन चिठ्ठ्या घेतल्या, एकीवर ‘तक्रार’ लिहिलं, दुसरीवर ‘क्लोरीन’.

“तुकडे एकावर एक आले तर कुठला खरा धरायचा, हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं,” ती म्हणाली. “आमचं जुनं मशीन आधी आलेला धरायचं. नवं मागून आलेला धरतं.” तिने ‘क्लोरीन’ची चिठ्ठी ‘तक्रार’च्या खाली सरकवली. “सोमवारी हे झालं. पत्ता बदललाच नाही, म्हणून पॅकेट तक्रारीच्या दारात जाऊन पडलं, कोरं.” मग तिने तीच चिठ्ठी वर ठेवली. “आणि बुधवारी हे.”

“म्हणजे त्याची युक्ती नव्या मशीनसाठी होती.”

“हो. पण सोमवारी तर जुनंच होतं.” ती बोलता बोलता थांबली. “मावशी, ज्याला हे माहीत होतं तो सोमवारी कशाला येईल?”

मी अहवाल उघडला. दुसरं पान काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं आणि शुक्रवारपासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

५

सोमवारी दहाला मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. साहेब, सल्लागार, मशीनवाला, लॅबवाल्या बाई, बारकी आणि मी. मला बाहेर बसायला सांगितलं होतं. मी खुर्ची ओढून आत बसले. तक्रारवाले भाऊ रजिस्टर छातीशी धरून दारात उभे होते.

सल्लागारांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. त्यांनी राजीनाम्याचा कागद बारकीपुढे सरकवला. “तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. सही करा, विषय संपवू.”

“विषय मी संपवणारच आहे,” बारकी म्हणाली. “पण आधी मावशीला एक विचारायचंय.”

“साहेब,” मी सल्लागारांना म्हटलं, “मी अडाणी टेलिफोनवाली. नवा सर्व्हर कधी बसवला हो?”

“रविवारी. अहवालात आहे ते.”

मशीनवाल्याने मान वर केली. मोठ्या साहेबांचा पेपरवेट थांबला.

“मी मंगळवारी बसवला,” मशीनवाला म्हणाला. “रविवारी बाईंनी मला हाकललं.”

“हाकललं नाही, चहा देऊन परत पाठवलं,” बाई म्हणाल्या.

“असेल,” सल्लागार म्हणाले. “तारखेची किरकोळ चूक. त्याने काय फरक पडतो?”

“फरक असा पडतो,” मी म्हटलं, आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडून बारकीने समजावलं तसं त्यांना समजावलं. “ही युक्ती नव्या मशीनवरच चालते. ती कुणीतरी गेल्या सोमवारी तीनदा करून पाहिली. का? तर त्याला वाटलं, रविवारी नवं मशीन बसलं. तशी सूचना चौघांना गेली होती. रविवार रद्द झाला हे मोठ्या साहेबांना माहीत, त्यांनीच परवानगी दिली. मशीनवाल्याला माहीत, तो परत गेला. माझ्या भाचीला माहीत, तिनेच फोन केले. जुनं मशीन चालू आहे हे ठाऊक असलेली बाई त्याच्यावर नव्याची युक्ती तीनदा कशाला करेल? राहिले कोण? जे फक्त गुरुवारी येतात ते.”

“हा तर्क झाला,” सल्लागार म्हणाले. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. “आणि मग बुधवारी ती चालली कशी?”

“मधल्या मंगळवारी मशीन बदललं म्हणून. तुम्हाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत होतं आणि आता जमलं. कशामुळे जमलं हे तुम्हाला आत्तापर्यंत कळलं नव्हतं. कळलं असतं तर अहवालात रविवार लिहिला नसता.”

“कुठल्या सोमवारचं बोलताय तुम्ही? राउटरवर आकडा शून्य आहे. लॉगमध्ये काही नाही. कागद तर...” ते थांबले.

“कुठला कागद?” बारकीने विचारलं. “मी कागदाचं नावही काढलेलं नाही.”

सल्लागारांनी बॅगेचा पट्टा ओढून घेतला. “कुठल्याही चिठोऱ्याला मी उत्तर द्यायला बांधलेला नाही.”

“पण मी आहे,” दारातून आवाज आला. तक्रारवाले भाऊ पुढे आले आणि रजिस्टर टेबलावर उघडलं. “सोमवारच्या तीन तक्रारी. उत्तर द्यायचं म्हणून पाठवणाऱ्याला शोधत होतो. ताईंनी मला काल या साहेबांच्या अहवालाचा ईमेल दाखवला. त्याच्या डोक्यावर जोडणीचा जो नंबर आहे, तोच या तिन्हींवर आहे. मी तीनदा ताडून पाहिला.” मग त्यांनी खिशातून तीन छापील पत्रं काढली आणि सल्लागारांपुढे एकेक ठेवली. “आपली तक्रार मिळाली. ती कशाबद्दल आहे, ते कृपया कळवावं.”

लॅबवाल्या बाईंना हसू आलं, दाढेची पर्वा न करता.

सल्लागार मोठ्या साहेबांकडे वळले. “कुणाला इजा होणार नव्हती,” ते म्हणाले. “टाकीत दोन-तीन तासांचा साठा असतो. बाराला तपासणी होतेच. मला फक्त दाखवून द्यायचं होतं की...”

“बुधवारी बाराला मी दाताच्या डॉक्टरांकडे होते,” बाई म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. “आधी तपासलं नसतं तर ते पाणी माझ्या नातवानेही प्यायलं असतं.”

बारकीच्या पत्राने सल्लागारांनी दोन वर्षांपूर्वी दिलेलं ‘सर्व सुरक्षित’चं प्रमाणपत्र खोटं पडत होतं, आणि तिला घालवलं की पत्रही जाणार होतं आणि कामही त्यांच्या कंपनीला मिळणार होतं. हे मी बोलून दाखवलं, त्यांनी ते नाकारलंही नाही. मोठ्या साहेबांनी फोन उचलला आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावला. या वेळी हात झटकले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

सल्लागारांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मोठे साहेब घसा साफ करत बारकीकडे वळले. “झालं गेलं विसरून जा. उद्यापासून कामावर ये. तो राजीनामा दे इकडे, फाडून टाकतो.”

“थांबा,” बारकी म्हणाली. “फाडू नका. चांगला कागद आहे.”

तिने राजीनामा उलटा केला. पाठ कोरी होती. तिने पेन काढलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: फायरवॉलने आजपासून प्रत्येक तुकडा तपासावा. एकावर एक चढणारा तुकडा आला तर अख्खं पॅकेट टाकून द्यावं. तक्रारी आणि क्लोरीन एका मशीनवर राहणार नाहीत.

“अगं, फोटो अडकतील,” मोठे साहेब म्हणाले. “लोक ओरडतील.”

“ओरडू देत. भाऊ त्याची नोंद घेतील आणि मी उत्तर देईन.”

“हे पत्र मी विचारात...”

“सहा महिने विचार झाला साहेब,” ती म्हणाली. तिने कागदाखाली एक रेघ ओढली आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. “सोमवारी दहापर्यंत सही हवी होती ना? सव्वादहा झालेत. करा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघत होते. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली.